पाच हजारात इलेक्ट्रिशियनच्या बॅगेत काय काय घ्यावं? आधी मीटर, मग पकड

प्रश्न थोडक्यात असा आहे. आयटीआयचा वायरमन ट्रेड झालाय, सध्या एका कॉन्ट्रॅक्टरकडे हेल्पर म्हणून जातोय, आणि आता संध्याकाळी नि रविवारी दादर-परळ-लालबागकडे घरगुती कॉल स्वतः घ्यायचेत. राहायला बदलापूर, म्हणजे येणंजाणं लोकलनं. खिशात पाच हजार. एक जण सांगतो ऑनलाइन मोठी टूलकिट मागव, सगळं एका पेटीत येतं, दुसरा म्हणतो पकड आणि टेस्टर असला की मुंबईत धंदा चालतो. नक्की काय घेऊ, आणि ड्रिल आत्ताच घेऊ का?

हे बघ, दोघांचंही ऐकू नकोस. त्या पेटीत निम्मी हत्यारं गाडी दुरुस्तीची असतात, सॉकेट पाने, ॲलन की, कसले कसले बिट, ती तुला लागणारच नाहीत आणि जी रोज लागतात ती पकड नि डिसमिस त्याच सेटमध्ये सगळ्यात हलक्या प्रतीची असतात. आणि पकड-टेस्टरवर धंदा चालतो हे खरं आहे, चालतो, पण कसा चालतो ते मी इतकी वर्षं दुसऱ्यांची कामं उघडून बघत आलोय, जळलेले न्यूट्रल, चेपलेल्या वायरी, टेपच्या गोळ्याखाली दडवलेले जॉइंट. माझं म्हणणं एकच आहे, पाच हजारातला पहिला आणि मोठा हिस्सा कापायच्या-पिळायच्या हत्यारांवर नाही, तपासायच्या हत्यारावर घाल. पकड थोडी हलकी निघाली तर काम हळू होईल. लाईन चालू आहे की बंद हेच चुकीचं कळलं तर पुढे बोलायला माणूस उरेलच असं नाही.

टेस्टरपासून सुरू करतो कारण सगळे त्याच्यावरच विसंबून असतात. त्याच्या आत असतं काय, पुढे टोक, मग एक खूप जास्त ओहमचा रेझिस्टर, बारीक निऑन दिवा, स्प्रिंग आणि मागे टोपी जिच्यावर तू बोट ठेवतोस. अगदी बारीक करंट तुझ्या अंगातून जमिनीकडे जातो म्हणून दिवा लागतो. आता तू रबरी चप्पल घालून कोरड्या लाकडी शिडीवर उभा असशील तर तोच दिवा इतका मंद लागतो की गॅलरीतल्या उजेडात दिसतच नाही, म्हणजे दिवा लागला नाही म्हणून लाईन बंद आहे असं धरून चालता येत नाही. दुसऱ्या बाजूनंही फसवतो. चाळीत नेहमीचा प्रकार, पंखा बंद, ट्यूब बंद आणि सॉकेटच्या दोन्ही भोकांत टेस्टर पेटतोय, घरातले म्हणतात दोन्हीकडे फेज आलाय. फेज एकच असतो, न्यूट्रल कुठेतरी तुटलेला असतो, आणि ऑन राहिलेल्या एखाद्या पंख्यातून नाहीतर बल्बमधून तो फेज न्यूट्रलच्या वायरीत उतरलेला असतो. टेस्टरला न्यूट्रल आहे की गेलाय हे सांगताच येत नाही. त्यात आपला पावसाळा. घामानं, पावसानं टेस्टर आतून ओला झाला की करंट रेझिस्टरला वळसा घालून टोपीपर्यंत येऊ शकतो, आणि टोपीवर तुझं बोट. तेव्हा टेस्टर ठेव, स्वस्त आहे, खिशात मावतो, पण त्यानं स्क्रू पिळू नकोस, आतलं सामान तडकतं, आणि ओला झाला की वाळवून परत वापरायच्या भानगडीत न पडता नवा घे.

मग घ्यायचं काय तर क्लॅम्प मीटर. साधा मल्टिमीटर नको का, तर सांगतो. ते पिवळे छोटे मल्टिमीटर जिथे तिथे मिळतात त्यांना दहा अँपिअरचं वेगळं भोक असतं आणि स्वस्त मीटरमध्ये त्या भोकाला बऱ्याचदा फ्यूजच नसतो. घाईत लाल लीड तिथेच राहिली आणि तू व्होल्टेज बघायला सॉकेटमध्ये टोकं घातलीस की मीटरमधून सरळ शॉर्ट, आणि मीटर तुझ्या हातात. क्लॅम्प मीटरमध्ये अँपिअर जबड्यानं मोजतात म्हणून ते भोकच नसतं, अर्धा धोका तिथेच कमी झाला. शिवाय वायर न तोडता लोड कळतो. २००० वॅटचा गिझर २३० व्होल्टवर साधारण ८.७ अँपिअर घेतो, जबडा लावून एवढे दिसले तर एलिमेंट ठीक आहे, शून्य दिसलं तर एलिमेंट किंवा थर्मोस्टॅट बघ, गिझर खाली उतरवायची गरजच पडली नाही. फक्त जबड्यात एकच वायर घ्यायची, फेज-न्यूट्रल दोन्ही एकत्र घेतलेस तर एकमेकांना रद्द करतात आणि शून्य दाखवतो, नवीन मुलं इथे हमखास गोंधळतात.

मीटर घेताना एसी व्होल्ट, एसी अँपिअर, ओहम आणि बझर (वायर सलग आहे का ते वाजून सांगणारा) एवढं असलं की झालं, डीसी अँपिअरवाला महाग पडतो आणि घरगुती कामात लागत नाही. पण अंगावर कॅट थ्री ६०० व्होल्ट छापलेलं आहे ना ते बघ, कॅट म्हणजे किती धोक्याच्या जागी मीटर लावता येतो त्याचा दर्जा. सॉकेटला लावलेल्या उपकरणांपुरतं कॅट टू चालतं, डीबीवर (एमसीबींच्या पेटीवर) आणि पक्क्या वायरिंगवर कॅट थ्री पाहिजे, आणि वीजबिलाच्या मीटरच्या अलीकडे सर्व्हिस लाईनच्या बाजूला कॅट फोर. तो बिलाचा मीटर बेस्टचा असो, अदानीचा, टाटाचा नाहीतर आपल्या तिकडे महावितरणचा, त्याचं सील आणि त्याच्या अलीकडचा कटआउट हे कंपनीचं काम, तिथे तू हात घालायचाच नाहीस, म्हणून कॅट फोरसाठी जास्त पैसे घालू नकोस. लीड नीट बघ मात्र, बारीक, कडक होणाऱ्या लीड असतील तर मीटर चांगला असून उपयोग नाही, टोकाला झाकण असलेल्या, फक्त पुढचा चार मिलिमीटर धातू उघडा असलेल्या लीड घे. पाचातले निम्मे इथेच गेले तरी जाऊ देत.

आता मीटरसुद्धा कधी कधी खोटं बोलतो. एका पाइपातून चार-पाच वायरी गेल्यात, त्यातली एक दोन्ही टोकांना सुटी आहे, तिच्यावर मीटर लावलास की ५०, ८०, कधी शंभराच्या वर व्होल्ट दिसतात. ते शेजारच्या चालू वायरीमुळे चढलेलं असतं, मीटर स्वतः जवळजवळ करंटच ओढत नाही म्हणून ते तसंच दिसत राहतं. स्विच बंद केल्यावर रात्री एलईडी बल्ब मिणमिणतो तोही बऱ्याचदा ह्याच कारणानं. अशा वेळी जुनी माणसं होल्डरला बल्ब लावून टेस्ट लॅम्प करायची आणि ते बरोबरच होतं, बल्बचा लोड पडला की खोटं व्होल्टेज बसतं आणि खरं असेल तर बल्ब पेटतो. पण उघड्या टोकांचा तो बल्ब हातात घेऊन फिरू नकोस. डीबीत चुकून दोन फेजमध्ये लागला तर ४१५ व्होल्ट येतात आणि काच फुटते. त्यापेक्षा लोडचं बटण असलेला दोन टोकांचा टेस्टर मिळतो तो पुढच्या महिन्यात घे. आणि एक लक्षात ठेव, ज्या घरात ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी (करंट जमिनीत गळला की लाईन तोडणारा स्विच) आहे तिथे फेज आणि अर्थिंगमध्ये १५ वॅटचा बल्ब लावलास तरी ६५ मिलिअँपिअर जातात, अर्थिंग धड असेल तर आरसीसीबी पडणारच, तेव्हा घरातल्यांचा कॉम्प्युटर वगैरे चालू नाही ना ते आधी विचार.

तपासायची पद्धत हत्याराइतकीच महत्त्वाची. चालू आहे हे माहीत असलेल्या पॉइंटवर मीटर लाव, २३०च्या आसपास दिसले की ज्या पॉइंटवर काम करायचंय तिथे लाव, फेज-न्यूट्रल, फेज-अर्थ, न्यूट्रल-अर्थ तिन्ही, आणि मग परत त्या चालू पॉइंटवर. मध्येच मीटरचा सेल गेला किंवा लीड तुटली तर ह्या शेवटच्या पायरीला कळतं. चाळीत किटकॅट (फ्यूजचा काढघालीचा तुकडा) काढलास तर तो तिथे मीटरबोर्डावर ठेवू नकोस, खिशात घाल, नाहीतर शेजारचा कोणीतरी लाईट गेली म्हणून आणून बसवतो. एमसीबी (लोड जास्त झाला की आपोआप पडणारा स्विच) असेल तर खाली करून टेप मार.

आता पकड. आठ इंची कॉम्बिनेशन, एकच पण चांगली. तपारियाची मुंबईत कुठेही मिळते, नाशिकचा माल आहे, रोजच्या कामाला भरवशाची. दुकानात उभ्या उभ्या तीन गोष्टी बघ. जबडा बंद करून उजेडासमोर धर, दात पुढून टेकले पाहिजेत आणि कटरच्या पात्यात फट दिसता कामा नये. मग सांध्याला बाजूनं हलवून बघ, खुळखुळत असेल तर बाजूला ठेव. मग वायरीतली एकच बारीक तार कापून बघ, सुटी कापली गेली पाहिजे, चेपून लोंबत राहिली तर पाती एकमेकांना नीट जुळलेली नाहीत. मुठीवर जाड प्लास्टिक आहे म्हणून ती १००० व्होल्टची होत नाही, तसं असेल तर अंगावर दुहेरी त्रिकोणाची खूण आणि १००० व्होल्ट असं छापलेलं असतं, परवडली तर तीच घे, आणि मूठ फाटली तर वर टेप गुंडाळून ती परत इन्सुलेटेड होत नाही हे मनात पक्कं ठेव. साईड कटर दुसरा, मॉड्युलर बॉक्समध्ये पकड वळत नाही तिथे कटरच जातो. नोज प्लायर तिसरा, लूप वळवायला, बॉक्समधून वायर ओढायला. बस, ह्याच्यापुढे पकडींवर पैसे घालू नकोस.

डिसमिसवर मात्र कंजूषी करू नकोस, कारण लूज कनेक्शनचं मूळ बऱ्याचदा इथे असतं. एमसीबीचा टर्मिनल स्क्रू जवळून बघ. अधिक चिन्हाच्या खाचेच्या मधल्या कोपऱ्यांत आणखी चार बारीक रेघा असतील तर ती खाच पोझीची, तिला दोन नंबरचा पोझी लागतो. साधा फिलिप्स त्यात घातलास तर बसल्यासारखा वाटतो पण जोर लावला की वर चढून निसटतो, दोनदा निसटला की खाच गोल होते आणि आपल्याला वाटतं घट्ट झालं. झालेलं नसतं. सहा महिन्यांनी एसी चालू असताना ती वायर तापते, इन्सुलेशन तपकिरी पडतं, आणि घरमालक म्हणतो एमसीबी खराब आली. किती कसायचं तेसुद्धा बऱ्याच एमसीबीच्या अंगावर नाहीतर खोक्यात न्यूटन मीटरमध्ये दिलेलं असतं. टॉर्क डिसमिस आत्ता तुझ्या बजेटात नाही, पण योग्य टोकाचा डिसमिस, हाताचा एकसारखा जोर आणि कसून झाल्यावर प्रत्येक वायर ओढून बघणं, एवढ्यानं फार फरक पडतो. न्यूट्रल बारच्या वायरी तर न चुकता ओढून बघ. तेव्हा दोन नंबर पोझी, दोन नंबर फिलिप्स, एक तीन मिलिमीटरचा चपटा स्विचच्या टर्मिनलला, एक साडेपाच मिलिमीटरचा चपटा, हे चार, चारही टोकापर्यंत इन्सुलेशन आलेले. आणि लालबाग-गिरगावच्या जुन्या लाकडी बोर्डांसाठी एक जुना, जाड, लांब चपटा कुणाकडून मिळाला तर ठेवून दे, गंजलेले लाकडी स्क्रू त्याशिवाय सुटत नाहीत. टोक उलटंपालटं करायचे टू-इन-वन डिसमिस प्लेट काढण्यापुरते ठीक, त्यांची दांडी उघडी असते, ते डीबीत नको.

स्ट्रिपर घे. कितीतरी जण दातानं सोलतात, पकडीनं चेपून ओढतात, ब्लेडनं गोल फिरवतात. अडीच एमएमच्या वायरीतल्या दोन-तीन तारा कापल्या गेल्या की कागदावर अडीच राहते, पण टर्मिनलच्या तोंडाशी ती तेवढी उरत नाही आणि नेमकी तिथेच तापते. स्ट्रिपरची खाच १ ते ६ एमएमपर्यंतच्या नंबरांची असली की झालं. पण जुन्या चाळीत जरा जपून, तिथे लाकडी पट्टीवरची रबरी इन्सुलेशनची वायर अजून सापडते, स्ट्रिपर लावला की रबर भुगा होऊन पार आतपर्यंत तुटतं. तिथे सोलायचं कमी आणि शक्य तेवढी वायर बदलायची, हे घरमालकाला आधीच सांगून टाक. तसंच ॲल्युमिनियमची वायर दिसली तर तांब्याला सरळ पिळून जोडू नकोस.

बाकीचं पटकन सांगतो. तीन मीटरची टेप, छोटी हातोडी, छिन्नी एकच, एक्सा ब्लेडची लहान फ्रेम केसिंग-पट्टी कापायला, हेडटॉर्च, कारण जिन्याखालच्या मीटररूममध्ये एका हातात मोबाईल धरून काम करता येत नाही आणि करूही नये. इन्सुलेशन टेप, भिंतीत स्क्रू धरायच्या सहा नंबरच्या गट्ट्या आणि स्क्रू एका डबीत, वायरीच्या टोकाला बसवायचे थोडे पिन लग. भिंतीत दडवलेल्या कॉन्सिल पाइपात वायर टाकायची स्प्रिंग, साइटवर कॉन्ट्रॅक्टरची असतेच, घरगुती कामाला छोटी घेतलीस तर बरं. लग वायरीवर दाबून बसवायचं क्रिम्पिंग टूल पुढे घे, तोवर लग पकडीनं चेपू नकोस, चपटा होतो पण धरत नाही, त्यापेक्षा नीट सोललेली वायर सरळ टर्मिनलमध्ये घाल. मेगर, म्हणजे इन्सुलेशन तपासायचं यंत्र, कॉन्ट्रॅक्टरकडे असतो, शिकून मात्र आत्ताच घे, वापरायला माग त्याच्याकडून.

लोकलचं बोलायचं तर वजन पाच-सहा किलोच्या वर जाऊ देऊ नकोस. संध्याकाळी दादरहून बदलापूर गाडीत बॅग छातीशी धरून उभं राहायचंय, त्यातली छिन्नी नि डिसमिसची टोकं दुसऱ्याच्या पोटात जायला नकोत. म्हणून कॅनव्हासचा गुंडाळायचा रोल कर, टोकं आत, आणि तो साध्या सॅकमध्ये घाल. मीटर वेगळ्या कप्प्यात कापडात. उघड्या तोंडाची टूलबॅग साइटवर छान दिसते, गर्दीत नाही. पावसाळ्यात घरी गेल्यावर रोल उघडून पसरायचा, पकडीच्या सांध्यात मशीन ऑइलचा एक थेंब, मुंबईच्या खारट दमट हवेत चार दिवस ओलं राहिलं की सांधे धरतात.

आणि दोन वेगळे रोल हवेत हे आत्तापासून मनात ठेव. दुरुस्तीच्या कॉलला तपासणी जास्त असते, मीटर, डिसमिस, कटर. नवीन वायरिंगच्या साइटला छिन्नी, स्प्रिंग, एक्सा, लेव्हल पट्टी, तिथे कॉन्ट्रॅक्टरची हत्यारं असतात. दोन्हीचं सामान एकाच पिशवीत कोंबलं की रोजचं ओझं वाढतं, आणि मग पहिलं काय घरी राहतं तर मीटर, असं मी कितीतरी पोरांचं बघितलंय.

खरेदीला नागदेवीला जा, मशीद स्टेशनला उतरून चालत पोचतोस, हत्यारांची दुकानं ओळीनं आहेत, वायर-स्विच लोहार चाळीत. रविवारी बरीच बंद असतात, शनिवारी सकाळी जा. पक्कं बिल माग, बिल नको स्वस्त देतो म्हणाला तर पुढच्या दुकानात जा, नावाजलेल्या कंपन्यांच्या नकला होतात. मीटर घेतलास की दुकानातल्याच सॉकेटवर लावून २३०च्या जवळपास दाखवतो का, बझर लगेच वाजतो का की रेंगाळतो, ते बघूनच पैसे दे.

ड्रिल आत्ता नको. चांगलं हॅमर ड्रिल घ्यायचं तर हे सगळं बजेट एकट्यालाच लागेल, आणि सुरुवातीचे कॉल स्विच बदलणं, पंखा, रेग्युलेटर, लूज कनेक्शन, गिझरचा पॉइंट असेच येतात, दोन भोकं पाडायची वेळ आली तर ड्रिल भाड्यानं मिळतं नाहीतर रविवारपुरतं कॉन्ट्रॅक्टरकडून माग. घेशील तेव्हा दुहेरी इन्सुलेशनचं, चौकोनात चौकोन अशी खूण असलेलं घे, कारण जुन्या चाळीतल्या सॉकेटला अर्थिंग असेलच असं नाही. आणि हो, वायरमन परमिटचा फॉर्म भरायचा राहिला असेल तर ड्रिलच्या आधी तो भर, नवीन वायरिंगचं काम स्वतःच्या अंगावर घ्यायचं म्हटलं की पहिल्यांदा परमिटच विचारतात.